भूमध्य समुद्राकाठची वजनदार मुलं

ऑलिव्हचं तेल, कडधान्यं, भाज्या, फळं, मासे आणि बेताचं मांस. भूमध्य समुद्राकाठच्या या जेवणाचे गोडवे आहारतज्ज्ञ गात आले आहेत. अमेरिकी शास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी १९५८ साली सुरू केलेल्या सात देशांच्या अभ्यासात क्रीट बेटावरच्या पुरुषांना हृदयविकार फारच कमी असल्याचं दिसलं, तिथून ही कीर्ती पसरली. २०१० मध्ये युनेस्कोनेही या आहाराला वारशाच्या यादीत बसवलं. मग युरोपातली सर्वांत वजनदार मुलं नेमकी याच किनाऱ्यांवर कशी?

जागतिक आरोग्य संघटनेचा युरोप विभाग २००७ पासून शाळांमध्ये सहा ते नऊ वर्षांच्या मुलांची उंची आणि वजन मोजून घेतो. पालकांना नुसतं विचारून भागत नाही, कारण आपलं पोर जाड झालंय हे बऱ्याच आईबापांच्या लक्षातच येत नाही; हेही याच पाहणीत उघड झालं. २०१८-२० च्या फेरीत सात ते नऊ वयाची २९ टक्के मुलं अतिवजनाची निघाली, लठ्ठ मुलं त्यातच धरून. या विभागात मध्य आशियाही मोडतो. त्यामुळे एका टोकाला ताजिकिस्तान, ६ टक्के. दुसऱ्या टोकाला सायप्रस, ४३. ग्रीस, इटली आणि स्पेन सायप्रसच्या फार मागे नाहीत.

मला वाटतं, खरी गोम इथे आहे: क्रीटचं ते जेवण गरिबीचं होतं. मांस परवडत नव्हतं म्हणून कमी, आणि जे पोटात जाई ते शेतात राबून जिरत असे. हातात पैसा आला, कष्ट कमी झाले, मुलांच्या ताटात गोड पेयं आणि खारे-तळलेले पदार्थ आले. संघटनेचे जुआंव ब्रेडा यांनी २०१८ मध्ये सांगितलं, की भूमध्य आहाराच्या जवळ आज स्वीडनची मुलं आहेत, भूमध्य किनाऱ्यावरची नव्हेत.

पैशाचं गणित सगळीकडे सारखं मात्र नाही. श्रीमंत देशांत कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांत लठ्ठपणा जास्त, तर पूर्वेकडच्या काही गरीब देशांत तो शिकल्यासवरल्या घरांत अधिक.

हे चित्र बदलू शकतं: पोर्तुगालने अतिवजनाच्या मुलांचं २००८ मधलं जवळपास ३८ टक्क्यांचं प्रमाण २०१९ पर्यंत तिसांवर आणलं. श्रेय साखरेच्या पेयांवरील कराला द्यायचा मोह होतो, पण तो कर २०१७चा, बरीचशी घट त्याआधीची. २०२२च्या मोजणीत आकडा पुन्हा ३२च्या घरात गेला.