घरगुती व्यवसाय, गिऱ्हाइकें आणि गल्ली

वऱ्हाडांतील जुन्या घराची ओसरी ही केवळ बसण्याउठण्याची जागा कधींच नव्हती. सोनाराची शेगडी, शिंप्याचें यंत्र, वैद्याची पेटी, सावकाराची गादी हीं सारीं उंबऱ्याच्या आंतच असत. आजहि बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगांव, मलकापूर ह्या गांवांत घरोघरीं कांहीं ना कांहीं उद्योग चालतो. कोणाकडे शिवणकाम, कोणाकडे पापड-शेवया, कोणाकडे संध्याकाळची शिकवणी. ह्या मिळकतीवर मुलांच्या शाळेचा खर्च भागतो, आणि एखाद्या निराधार भगिनीस कोणापुढें हात पसरावा लागत नाहीं. परंतु उद्योग आला कीं गिऱ्हाईक आलें, आणि गिऱ्हाईक आलें कीं त्याचें वाहनहि आलें. मग त्रासलेला शेजारी विचारतो कीं, राहत्या घरीं किती गिऱ्हाइकें यावींत ह्याला कांहीं कायदा आहे कीं नाहीं?

कायदा आहे, पण तो गिऱ्हाइकें मोजीत नाहीं. हें कसें, तें समजून घेणें उद्योग करणाऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्याहि हिताचें आहे.

वऱ्हाडांतील नगरपालिकांचा कारभार पूर्वीं मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९२२ च्या कायद्यानें चाले. पुढें १९६५ च्या महाराष्ट्र कायद्यानें त्याची जागा घेतली. जमिनीचा व इमारतीचा वापर मात्र १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखालीं येतो. ह्या कायद्यानें 'विकास' ह्या शब्दाचा अर्थ बराच व्यापक केला आहे. नवें बांधकाम हा तर विकास आहेच. पण इमारतीच्या वापरांत पडलेला ठळक फरक हाहि विकासच होय. म्हणून राहत्या घराचें दुकान झालें, तर एक वीटहि न हलवितां परवानगीचा प्रश्न उभा राहतो. कोणता वापर कोठें चालेल ह्याचा तपशील डिसेंबर २०२० पासून अंमलांत आलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलींत आहे. मुंबईसारखीं कांहीं क्षेत्रें वगळतां ती राज्यभर लागू असल्यानें बुलढाणा जिल्ह्यांतील नगरपालिकाहि तिनेंच बांधलेल्या आहेत.

ह्या नियमावलीनें घरगुती व्यवसायास निवासी भागांत मोकळीक दिली आहे. मात्र तो व्यवसाय कशास म्हणावें, हें ठरविण्याच्या कसोट्या घालून दिल्या आहेत. पहिली कसोटी अशी कीं, काम त्या घरांत राहणाऱ्या कुटुंबियांनींच करावें. पगारी माणूस ठेवूं नये. दुसरी, घराचा कांहीं भाग धंद्याकडे लागला आहे असें बाहेरून दाखविणारी पाटी वा मांडणी नसावी. तिसरी, जें त्या घरांत तयार होतें तेवढेंच तेथें विकावें. चौथी, यंत्र घरगुती वापरांतलें असावें आणि विजेचा भार सुमारें पाऊण किलोवॅटच्या, म्हणजे एका अश्वशक्तीच्या, आंत असावा. पांचवी, लोकांना बसवून खाऊंपिऊं घालणारी खानावळ ह्यांत मोडत नाहीं. शिवाय, घरांतल्यांच्या किंवा शेजाऱ्यांच्या जिवाला धोका होईल असें कांहीं तेथें नसावें.

ह्या कसोट्या व्यवहारांत लावून पाहिल्या म्हणजे त्यांचें मर्म ध्यानांत येतें. गृहिणीनें स्वतः शिवलेलीं झबलीं घरांतून विकलीं, तर तो घरगुती व्यवसाय. परंतु घाऊक बाजारांतून साड्यांचे गठ्ठे आणून तिनें माजघरांत मांडले, तर तें दुकान. एक यंत्र स्वतः चालविणारा शिंपी नियमांत बसतो. दोन कारागीर पगारावर ठेवतांच तो नियमाबाहेर जातो. शेगांवीं श्रीगजानन महाराजांच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंसाठीं एखाद्यानें पडवींत बांकें टाकून चहा-फराळ सुरू केला, तर तो राहत्या घरींच असला तरी घरगुती व्यवसाय म्हणतां येणार नाहीं. डबे तयार करून बाहेर पोहोंचविणें ही गोष्ट निराळी. तथापि २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें लहान उत्पादकासहि नोंदणी करावी लागते, हें विसरतां कामा नये.

ह्या साऱ्या कसोट्यांत गिऱ्हाइकांचा आंकडा कोठेंच नाहीं. २०१७ चा दुकानें व आस्थापनांचा कायदाहि नोकर मोजतो, गिऱ्हाइकें नव्हे. अमेरिकेंतील पुष्कळ नगरांनीं मात्र मोजणीचाच मार्ग धरला आहे. टेनेसी राज्यांतील नॅशव्हिल शहरांत घरगुती व्यवसायाकडे गिऱ्हाईक येण्यासच बंदी होती. घरीं केस कापणारी एक स्त्री आणि घरीं ध्वनिमुद्रण करणारा एक गृहस्थ यांनीं २०१७ मध्यें त्याविरुद्ध दावा लावला. आणि २०२० मध्यें तेथील नगरसभेनें दिवसाला ६ भेटींची मुभा दिली. असा आंकडा समजावयास सोपा असतो, पण दारांत उभें राहून तो मोजणार कोण? आपल्याकडील नियमानें ही अडचण टाळली आहे. नोकर नाहीं, पाटी नाहीं, बाहेरचा माल नाहीं, मोठें यंत्र नाहीं, अशा घरीं गर्दी आपोआपच बेताची राहील, हें त्यामागचें गृहीत आहे.

हें गृहीत बहुधा खरें ठरतें. परंतु शिकवणीच्या बाबतींत तें लंगडें पडतें. एकटा शिक्षक, पाटी नाहीं, यंत्र नाहीं, आणि तरीहि सायंकाळीं सहा वाजतां पंचवीस मुलें व त्यांना पोहोंचविणारीं तितकींच वाहनें बारा फुटी गल्लींत! येथें नगररचनेचा नियम थांबतो आणि रस्त्याचा कायदा सुरू होतो. सार्वजनिक वाटेवर अडथळा करणें हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ प्रमाणें अपराध आहे. जुन्या दंडसंहितेंत त्यास २०० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून तो ५,००० रुपयांपर्यंत झाला आहे. रस्त्यावरील अडथळा अथवा उपद्रव दूर करण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसहि देतां येतो. आवाजापुरतें पाहिलें, तर २००० सालच्या नियमांनीं निवासी भागासाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे.

तथापि प्रत्येक गाऱ्हाणें कचेरींत नेल्यानें गल्लींत नांदणें सुखाचें होत नाहीं. गर्दी उद्योगामुळें होते असें म्हणण्यापेक्षां ती उद्योगाच्या मांडणीमुळें होते असें म्हणणें अधिक बरोबर. मुंबईस गिरगांवांत १९५९ सालीं सात भगिनींनीं ८० रुपये उसने घेऊन पापडाचा जो उद्योग आरंभिला, त्याचाच पुढें लिज्जत पापड झाला. त्यांत भगिनी केंद्रावरून भिजविलेलें पीठ घरीं नेतात, पापड लाटतात आणि वाळवून केंद्रावर परत देतात. काम घरांत होतें, पण गिऱ्हाईक घरीं येत नाहीं. चिखलीच्या किंवा मेहकरच्या चार भगिनींनीं मिळून आठवडी बाजारांत विक्रीची एक जागा धरली, तर हेंच सूत्र त्यांनाहि साधेल.

ज्यांच्या कामांत गिऱ्हाईक घरीं आल्यावांचून चालत नाहीं, त्यांनीं वेळा बांधून घ्याव्यात. माप देण्यास सकाळ आणि कपडा नेण्यास संध्याकाळ, अशी विभागणी शिवणकामांत सहज होते. शिकवणीच्या दोन तुकड्यांमध्यें पाव तासाचें अंतर ठेवलें, तर जाणारीं व येणारीं मुलें एकमेकांस भिडत नाहींत. वाहनें गल्लीच्या तोंडाशीं, पण चौक मोकळा ठेवून उभीं करावींत, हें पालकांस पहिल्याच दिवशीं सांगावें. आणि व्यवसाय वाढून नोकर ठेवण्याची वेळ आली, म्हणजे नगरपालिकेच्या बांधकाम विभागांत आधीं चौकशी करावी. किती रुंदीच्या रस्त्यावर कोणता वापर चालतो हें नियमावलींत ठरलेलें आहे. कदाचित् त्याच घरीं रीतसर परवानगी मिळेल, कदाचित् बाजारांत गाळा पाहावा लागेल.

शेजाऱ्यानेंहि एवढें ध्यानांत ठेवावें कीं, पलीकडच्या घरांतील यंत्राची घरघर ही एखाद्या कुटुंबाच्या चुलीचा आधार असते. तक्रारअर्ज लिहिण्यापूर्वीं एकदां त्या घरीं जाऊन कोणत्या वेळेस अडचण होते तें सांगावें. कायद्यानें गिऱ्हाइकांचा आंकडा ठरविलेला नाहीं. तो गल्लीची रुंदी पाहून दोन शेजाऱ्यांनीं आपसांत ठरवावयाचा आहे, आणि त्यांनीं तो ठरविला म्हणजे नगरपालिकेच्या नोटिशीची पाळी बहुधा येत नाहीं.