वाई: काठाकाठाने

साताऱ्याहून एसटीने वाईच्या स्टँडवर उतरलात की रिक्षावाला विचारेल, "ढोल्या गणपती?" मानेनेच नको म्हणा आणि चालू लागा. युरोपातली जुनी शहरं लोक नकाशा हातात धरून पायी पालथी घालतात. वाईत नकाशाचं काम कृष्णा करते. काठ सोडला नाही तर वाटाड्याची गरज नाही. फक्त सकाळी लवकर निघा. उन्हं चढली की घाटाचा काळा दगड अनवाणी पायांना सोसत नाही, आणि देवळापाशी चपला काढाव्याच लागतात.

आधी आळी म्हणजे काय ते कळायला हवं. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा इथल्या आळ्या. प्रत्येकीचा घाट वेगळा आणि कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सवही वेगळा. माघापासून चैत्रापर्यंत तो पाळीपाळीने एकेका आळीत होतो. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांना यश मिळावं म्हणून बोललेल्या नवसातून तो सुरू झाला, असं सांगतात. तेव्हा वाट चुकलात तर रस्त्याचं नाव विचारू नका, आळीचं विचारा.

गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ मध्ये बांधलं. सुमारे दहा फुटी मूर्तीसमोर सगळेच थांबतात. तुम्ही दर्शन झालं की देवळाच्या मागे जा. मला तरी वाईतली सर्वांत हुशार गोष्ट तिथे दिसली. मागची भिंत सपाट नाही, माशासारखी निमुळती होत गेली आहे. कृष्णा इथे पश्चिमेकडून येते. पुराचा लोंढा सपाट भिंतीवर आदळला असता तर सारा भार एकाच जागी आला असता; टोकाशी तो दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. नावेचा पुढचा भाग पाणी कापतो, तीच युक्ती, फक्त इथे नाव जागेवर आणि पाणी धावतं. आता वरच्या अंगाला धोम धरण आहे, पण विसर्ग वाढला की घाटावरच्या देवळांत अजूनही पाणी शिरतं. आयर्विन पुलापाशी पाण्याचे फूट मोजणाऱ्या सांगलीकराला या भिंतीचं मोल वेगळं सांगायला नको. नदी तीच आहे.

जवळच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, १७५७ चं, तेही रास्त्यांचंच. नंदी पाहा आणि पुढे व्हा.

गंगापुरीत देऊळ सोडून दुसरं काही पाहायचं आहे. १९१६ मध्ये स्थापन झालेली प्राज्ञपाठशाळा इथली, आणि १९६० मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली ज्याचं काम सुरू झालं त्या मराठी विश्वकोशाचं कार्यालयही इथलंच. मुंबई-पुणं सोडून ज्ञानकोश एका तालुक्याच्या गावात घडला, हे मला घाटांइतकंच नवलाचं वाटतं.

पायांत बळ उरलं असेल तर तीन किलोमीटरवर मेणवली आहे. नाना फडणविसांचा वाडा बघून मागच्या दाराने घाटावर उतरा. तिथे टांगलेली पंचधातूची घंटा १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आलेली, पोर्तुगिजांच्या चर्चमधली आहे. जवळ जाऊन नीट बघा, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली दिसेल.