मोटारीच्या मुलाम्यास चढणारा गंज

शेतांतून आलेला फाळ पुसून, तेल लावून ठेवण्याची चाल आपणांस नवी नाहीं. परंतु दारांतील मोटारीच्या चकचकीत बंपराकडे कोण पाहतो? आमच्या घरीं एक जुनी ॲम्बॅसॅडर आहे. ह्या मोटारी तयार होणें २०१४ सालींच बंद पडलें. तेव्हां आहे तो बंपर जपणें भाग. असें असतां चिरंजीवांनीं एक पावसाळाभर म्युरिएट ऑफ पोटॅशचीं पोतीं तिच्या डिकींतून शेतावर नेलीं. प्रत्येक पोतें बंपरावर घांसूनच आंत जाई. दिवाळीस पाहतों तों बंपरावर देवीच्या वणांसारखे तांबूस ठिपके! आम्हीं मोठ्या उत्साहानें कांचकागदानें ते घांसून काढले. पुढील पावसाळ्यांत त्याच जागीं तळहाताएवढे चट्टे पडले.

चूक आमचीच. वरची चकाकी क्रोमियमची. तिचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्याखालीं निकेलचा जाड थर, व त्याखालीं लोखंड. गंजतें तें हें लोखंड. मुलाम्यांतील सूक्ष्म छिद्रांवाटे पाणी खालीं झिरपतें, आणि गंज त्याच वाटेनें वर येतो. कांचकागदानें छिद्र बुजत नाहीं. उलट भोंवतालचा मुलामा मात्र जातो. त्यांत हें खत म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. ओल लागतांच मिठाप्रमाणेंच लोखंड खातें.

ठिपके बारीक आहेत तोंवरच उपाय करावा. बंपर साबणाच्या पाण्यानें धुवून घ्यावा. पोळ्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा कागद चुरगळून, पाण्यांत भिजवून, हलक्या हातानें फिरवावा. ॲल्युमिनियम क्रोमियमहून मऊ असल्यामुळें ओरखडे पडत नाहींत. मग पुसून, पुरतें कोरडें करून मोटारीचें मेण चोळावें, म्हणजे छिद्रांचीं तोंडें झांकतात. हें मेण पावसाळ्याच्या आरंभीं व अखेरीस अवश्य लावावें. बंपराच्या पाठीस मुलामा विरळ बसतो व चिखलही तेथेंच सांचतो. त्या बाजूस गंजरोधक रंग द्यावा. मुलाम्याचे पापुद्रे सुटूं लागल्यावर घरगुती उपाय चालत नाहीं. सर्व खरवडून नवा मुलामा चढविणें एवढेंच उरतें, व तो खर्च थोडा नव्हे.

चकाकतें तें सर्व लोखंडच असेल असेंही नाहीं. नव्या मोटारींच्या पुष्कळ पट्ट्या प्लॅस्टिकवर मुलामा दिलेल्या असतात. त्यांस गंज कोठला? ॲल्युमिनियमच्या पट्टीवर पांढरी भुकटी धरते. तीस धुण्याचा सोडा लावूं नये, तो धातूच खातो.

आमचा बंपर हाताबाहेर गेलाच होता. तूर्त त्यास काळा रंग दिला आहे. खताचीं पोतीं मात्र आतां ट्रॉलींतून जातात.