एकाच बियाण्यावर गाव तोलू नका

1988 साली गोसीखुर्दला वैनगंगेवरच्या धरणाचं भूमिपूजन झालं. पुढे पाणी अडलं, कालवे निघाले. पण धरणापायी गावं उठली तेव्हा घरासोबत बियाण्याच्या कोठ्याही हलल्या. त्या कोठ्यांतलं लुचईचं, चिन्नोरचं बियाणं आज किती घरी सापडेल? जरा आठवून पाहा.

जैवविविधता म्हटलं की आपल्याला वाटतं, हे वाघाचं आणि जंगलखात्याचं काम. तसं नाही. ती आपल्या बांधीत, धुऱ्यावर आणि बोडीच्या काठावर आहे.

1970च्या सुमारास आशियात धानावर ‘ग्रासी स्टंट’ हा विषाणूरोग पसरला. झाड खुजं राही, लोंबी भरत नसे. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं हजारो वाण तपासले. रोगाला दाद दिली नाही ती उत्तर प्रदेशातल्या एका रानधानानं! त्याचा गुण संकरातून घेऊन 1976 साली आयआर-36 हा वाण आला. आपल्या तलावांत आपोआप उगवणारं देवधान त्याच गोतातलं. आपण त्याला तण म्हणून मोकळे होतो.

जवळचं उदाहरण घ्या. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. 1983 साली पटेल-3 धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, दरवर्षी निवडून पेरल्या. त्यातून आला आपला एचएमटी. बांधीत वेगळेपण नसतंच, तर दादाजींनी निवडलं काय असतं?

किडीचंही तसंच. बुडाशी बसणाऱ्या तपकिरी तुडतुड्याला कोळी आणि मिरीड ढेकूण खातात. गादमाशीच्या अळीवर प्लॅटिगॅस्टर नावाची बारीक माशी जगते. ही फुकटची राखण आहे. गरज नसताना फवारा मारला की राखणदार आधी मरतात आणि तुडतुडा दुप्पट जोरानं येतो. मग पुन्हा डबा, पुन्हा उधारी.

सुधारित वाण टाकून द्या, असं माझं म्हणणं नाही. उत्पन्न पाहिजेच, सोसायटीचं कर्ज फेडायचं असतं. पण सारा गाव एकाच वाणावर गेला, तर एकच रोग साऱ्या गावाला बुडवतो.

म्हणून एवढं करा. हलका, मध्यम आणि भारी असे दोन-तीन वाण लावा. एका बांधीत गावरान धान ठेवा. चिन्नोरला तर भंडाऱ्याच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं आहे, भावाचीही आशा आहे. धुऱ्यावर तूर टाका, धान निसवल्यावर ओलीत लाखोरी फेका. 2002च्या कायद्यानं ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते. म्हाताऱ्या माणसांना विचारून जुन्या वाणांची नावं तिच्या नोंदवहीत चढवा.

दुकानात खपणारं बियाणं मिळतं. हरवलेलं बियाणं कोणत्याच दुकानात मिळत नाही. यंदा मळणीआधी चार चांगल्या लोंब्या बाजूला काढाल ना?