हे व्हेरिएबल आलं कुठून?

एका पतसंस्थेच्या वेबसाइटच्या मुखपृष्ठावर दोन तक्ते होते. डावीकडे ठेवींचे व्याजदर, उजवीकडे कर्जाचे. डावा तक्ता व्यवस्थित भरलेला, उजव्यात मात्र नुसती वरची ओळ: कर्जाचा प्रकार, मुदत, दर. त्याखाली पांढरी जागा. एररचा संदेश कुठेच नाही. आणि 'कर्ज योजना' या स्वतंत्र पानावर गेलं की तोच तक्ता पूर्ण दिसायचा. तक्ता काढणारं फंक्शन तेच, दरांची फाइल तीच.

जुन्या पीएचपी साइट सांभाळणाऱ्याकडे अशी कामं सतत येतात. मूळ कोड लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो, त्याच्यानंतर आणखी काही हात फिरलेले असतात आणि आपल्यासमोर फाइलींचा ढीग असतो. हेडर, फूटर, मेनू, कॉन्फिग, फंक्शन्स आणि 'फंक्शन्स-नवीन'. एक फाइल दुसरीला बोलावते, दुसरी तिसरीला. मधल्याच एखाद्या ओळीवर बोट ठेवलं, तर तिथे वापरलेलं व्हेरिएबल त्या फाइलीत कुठेच तयार झालेलं नसतं. ते कुठून आलं हे शोधण्यातच दिवसाचा मोठा भाग जातो. मला हे काम मनापासून आवडतं, कारण त्यात भाषेचे नियम पाठ असून भागत नाही, ते नियम एखाद्या ठरावीक फाइलीत ठरावीक क्षणी काय करतात ते पाहावं लागतं.

पुढची उदाहरणं मी देवनागरीतच लिहितो आहे. मूळ कोडमध्ये नावं रोमन अक्षरांत होती, पण पीएचपीला देवनागरीचं वावडं नाही. डॉलरच्या चिन्हापुढे $ठेवदर किंवा $शीर्षक असं लिहिलेलं व्हेरिएबल ही भाषा बिनतक्रार स्वीकारते, फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवलेली असली की झालं.

दरांची फाइल लहानशी होती. दर.पीएचपी. तिच्यात दोन अ‍ॅरे, $ठेवदर आणि $कर्जदर, आणि शेवटी रुपये() नावाचं एक फंक्शन. फंक्शन्सच्या फाइलीत ठेवतक्ता() आणि कर्जतक्ता(). दोन्हींची पहिली ओळ सारखीच: रिक्वायर वन्स दर.पीएचपी. त्यानंतर फोरईच लावून एकेक ओळ छापायची. मुखपृष्ठावर आधी ठेवतक्ता(), मग कर्जतक्ता(). मी दोन्हींचा क्रम उलटा केला. आता कर्जाचा तक्ता भरला आणि ठेवींचा रिकामा झाला. म्हणजे डेटात दोष नव्हता, जो दुसरा येईल तो उपाशी राहत होता.

इन्क्लूड किंवा रिक्वायर शिकवताना 'ती फाइल इथे चिकटवली असं समजा' असं सांगतात. ते बऱ्याच अंशी खरं आहे. ज्या ओळीवर इन्क्लूड लिहिलं, त्या ओळीवर जी व्हेरिएबल्स उपलब्ध असतील ती सगळी बोलावलेल्या फाइलीला मिळतात आणि त्या फाइलीने नवीन तयार केलेली व्हेरिएबल्स तिथेच मागे राहतात. पीएचपीत फाइल ही सीमाच नाही. सीमा आहे ती फंक्शनची. इन्क्लूड फंक्शनच्या आत असेल, तर बोलावलेल्या फाइलीतली व्हेरिएबल्स त्या फंक्शनपुरती जन्मतात आणि फंक्शन संपलं की संपतात. पण त्याच फाइलीत एखादं फंक्शन किंवा क्लास असेल, तर तो मात्र सगळ्या प्रोग्रॅमचा होतो, इन्क्लूड कितीही आत लिहिलेलं असो. एकाच फाइलीतल्या दोन गोष्टी अशा दोन वेगळ्या ठिकाणी जाऊन बसतात, आणि आमच्या रिकाम्या तक्त्याचं मूळ नेमकं इथे होतं.

सर्व्हरवर एरर पडद्यावर दाखवणं बंद होतं, आणि चालू साइटवर ते बंदच असायला हवं. लॉग उघडला तर तक्रार नोंदलेली होती: $कर्जदर हे व्हेरिएबलच नाही, आणि फोरईचला अ‍ॅरे हवा असताना भलतंच काही मिळालं. पीएचपी ८ येईपर्यंत, म्हणजे २०२० पर्यंत, नसलेलं व्हेरिएबल वाचणं ही नुसती 'नोटीस' होती, सौम्य पातळी, आणि पुष्कळ ठिकाणी ती लॉगमध्येसुद्धा लिहू नये अशी व्यवस्था केलेली असे. आता ती 'वॉर्निंग' आहे. हा बदल फार आधी व्हायला हवा होता असं माझं ठाम मत आहे.

मग रिक्वायर वन्सच्या ओळीतून परत काय येतं ते छापून पाहिलं. हे पुष्कळ जणांना माहीत नसतं की इन्क्लूड आणि रिक्वायर या मूल्य परत देणाऱ्या गोष्टी आहेत. फाइल नीट चालली आणि तिने स्वतःहून काही परत दिलं नाही, तर १ हा आकडा येतो. ठेवतक्ता()मध्ये १ आला. कर्जतक्ता()मध्ये आला 'ट्रू'. वन्सवाल्या प्रकारात ट्रूचा अर्थ असा की ही फाइल या रिक्वेस्टमध्ये एकदा चालून गेली आहे, मी ती पुन्हा चालवलेली नाही. पहिल्या फंक्शनने दरांची फाइल चालवली, दोन्ही अ‍ॅरे त्याच्या पोटात तयार झाले, तक्ता छापला, फंक्शन संपलं, अ‍ॅरे गेले. दुसऱ्या फंक्शनने तीच फाइल मागितली तेव्हा पीएचपीने सांगितलं, दिलेली आहे. दिली होती हे खरंच, पण दुसऱ्याला. 'कर्ज योजना' पानावर कर्जतक्ता() एकटंच होतं, म्हणून तिथे सगळं सुरळीत.

पण पूर्वी मुखपृष्ठ चालत होतं, मग बिघडलं कधी? गिट वगैरे काही नव्हतं. सर्व्हरवर तारखा लावलेल्या जुन्या झिप फाइली मात्र होत्या, आणि त्या एकापुढे एक ठेवून वाचल्यावर क्रम उलगडला. सुरुवातीला दोन्ही फंक्शन्समध्ये साधं इन्क्लूड होतं. फाइल दोनदा चालायची, दोघांना आपापले दर मिळायचे. पुढे कुणीतरी दर.पीएचपीत रुपये() हे फंक्शन घातलं, तेही रास्त कारणाने. पीएचपीचं नेहमीचं नंबर फॉरमॅट तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देतं, त्यामुळे साडेबारा लाख हे १,२५०,००० असे दिसतात, आणि १२,५०,००० वाचायची सवय असलेल्या सभासदाला ते चुकीचं वाटतं. पण फंक्शन सगळ्या प्रोग्रॅमचं होतं, त्यामुळे फाइल दुसऱ्यांदा चालताच 'हे फंक्शन पुन्हा घोषित करता येणार नाही' असं म्हणत पीएचपीने काम थांबवलं असणार. त्यावर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे वन्स. तो लावला, एरर गेली, साइट उभी राहिली. उजवा तक्ता रिकामा झालेला त्या वेळी कुणाच्या लक्षात आला नाही. प्रत्येक पाऊल त्या-त्या वेळी शहाणपणाचंच होतं.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या, नुकत्याच रुजू झालेल्या मुलीने विचारलं, "सर, कर्जतक्तामध्ये ग्लोबल लिहून टाकू? एका ओळीचं काम आहे."

"टाक आणि पान उघड," मी म्हटलं.

तक्ता रिकामाच राहिला. ग्लोबल हा शब्द फक्त सगळ्यांत बाहेरच्या पातळीवरच्या व्हेरिएबलशी गाठ मारतो, आणि $कर्जदर त्या पातळीवर कधी जन्मलंच नव्हतं. ते ठेवतक्ता()च्या आत जन्मलं होतं. तिने थोडा विचार करून दोन्ही फंक्शन्समध्ये, रिक्वायरच्या ओळीच्या आधी, दोन्ही अ‍ॅरे ग्लोबल केले. आता मात्र चाललं, कारण पहिल्या वेळी दर.पीएचपीने भरलेली नावं थेट बाहेरच्या पातळीला जोडलेली होती. उत्तर बरोबर होतं आणि तिने ते स्वतः शोधलं होतं. तरी मी ते राहू दिलं नाही. सहा महिन्यांनी तिसरा तक्ता जोडायला येणाऱ्याला त्या दोन ओळींचं कारण कसं कळणार?

आम्ही फाइलीचे दोन भाग केले. रुपये() गेलं फंक्शन्सच्या फाइलीत, जिथे वन्स शोभतं. दर.पीएचपीत एकही व्हेरिएबल ठेवलं नाही, फक्त 'रिटर्न' आणि पुढे दोन कप्प्यांचा अ‍ॅरे. मुखपृष्ठाच्या सुरुवातीला $दर = रिक्वायर दर.पीएचपी, रस्ता मात्र सध्याच्या फाइलीच्या फोल्डरपासून पूर्ण लिहिलेला, म्हणजे सर्व्हर भलतीकडे शोधायला जाणार नाही. मग ठेवतक्ता($दर['ठेव']), कर्जतक्ता($दर['कर्ज']). आता दर कुठून आले हे विचारायची गरज उरली नाही, ते फंक्शनच्या कंसातच लिहिलेलं आहे. लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कच्या कॉन्फिग फाइली याच पद्धतीच्या असतात, नुसता अ‍ॅरे परत देणाऱ्या.

पीएचपी असं का वागते हे कळायला तिचा जन्म आठवावा लागतो. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फने १९९४ मध्ये आपल्या स्वतःच्या पानासाठी काही साधनं लिहिली आणि १९९५ च्या जूनमध्ये ती 'पर्सनल होम पेज टूल्स' या नावाने खुली केली. एचटीएमएलच्या मधेमधे थोडा प्रोग्रॅम, ही मूळ कल्पना. अशा पानात हेडरने पानाकडून $शीर्षक घ्यावं आणि छापावं यात काहीच वावगं नव्हतं, ते सोयीचंच होतं. सोय इतकी वाढत गेली की रजिस्टर ग्लोबल्स नावाच्या व्यवस्थेत पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढचं प्रत्येक नाव थेट व्हेरिएबल होऊन प्रोग्रॅममध्ये हजर होई.

त्यातून घडलेलं नुकसान मोठं आहे. समजा मेनू.पीएचपीत ओळ आहे: इन्क्लूड $मूळपथ आणि त्याला जोडून फंक्शन्स.पीएचपी. लिहिणाऱ्याने गृहीत धरलं की $मूळपथ बोलावणाऱ्या पानाने आधीच भरलेलं असेल. पण मेनू.पीएचपी थेट पत्ता टाकूनही उघडता येते. तशी उघडून कुणी पत्त्यातच मूळपथ म्हणून स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता दिला, की पतसंस्थेचा सर्व्हर परक्याची फाइल आणून स्वतःच्या अधिकाराने चालवणार. अशा रीतीने त्या काळात असंख्य साइट फोडल्या गेल्या. २००२ मध्ये ४.२ या आवृत्तीत रजिस्टर ग्लोबल्स आपोआप चालू असणं थांबलं, २००६ च्या ५.२ मध्ये दूरच्या पत्त्यावरून इन्क्लूड करणं वेगळं कुलूप लावून बंद केलं, आणि २०१२ च्या ५.४ मध्ये रजिस्टर ग्लोबल्स भाषेतून गेलं. वर्डप्रेसच्या प्लगइनमध्ये पहिल्याच ओळीला 'अ‍ॅब्सपाथ ठरलेला नसेल तर बाहेर पड' असं लिहिलेलं आढळतं, ते याच भीतीपोटी: मला कुणीतरी रीतसर बोलावलेलं आहे ना, याची खात्री.

वर्डप्रेसवर मराठीतले अनेक ब्लॉग आणि बातम्यांच्या साइट चालतात, आणि थीम लिहिणाऱ्याला हाच प्रश्न तिथे दुसऱ्या रूपात भेटतो. पानात एक व्हेरिएबल भरलं, गेट टेम्प्लेट पार्टने तुकडा बोलावला, आणि तुकड्यात ते व्हेरिएबल नाही. कारण गेट टेम्प्लेट पार्ट हे फंक्शन आहे आणि इन्क्लूड त्याच्या आत घडतं. वर्षानुवर्षं लोक ग्लोबल वापरून किंवा आडवाटेने वेळ निभावत होते. ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ या आवृत्तीत त्या फंक्शनला माहिती हातात द्यायची सोय झाली, $आर्ग्ज या नावाने. इतकी साधी गोष्ट यायला इतका उशीर लागावा याचं मला अजून वाईट वाटतं.

बाहेरून नाव न मिळण्यापेक्षा नको ते नाव मिळणं जास्त त्रासदायक असतं. दहा योजनांची कार्डं छापणारा लूप आहे, मोजणी $इ मध्ये, आणि प्रत्येक फेरीत कार्ड.पीएचपी इन्क्लूड होते. कार्डाच्या आत पाच चांदण्या काढायला दुसरा लूप, त्याचीही मोजणी $इ मध्येच. कार्ड संपताना $इ पाच असतो, बाहेरचा लूप त्याला सहा करतो, दहाच्या आत आहे म्हणून पुन्हा कार्ड, पुन्हा पाच. वेळेची मर्यादा, साधारणपणे ३० सेकंदांची, ओलांडली की पीएचपी स्वतःच प्रोग्रॅम मारते, आणि तोवर ब्राउझरमध्ये सहावं-सातवं समजून तेच कार्ड एकाखाली एक उतरत राहतं. दोन्ही फाइली सुट्या वाचल्या तर निर्दोष.

यावरचा इलाज फ्रेमवर्कवाल्यांनी भाषेतूनच काढला आहे. सीमा फंक्शनची आहे ना, मग प्रत्येक इन्क्लूडला त्याचं स्वतःचं छोटं फंक्शन द्यायचं. लाराव्हेल टेम्प्लेट चालवताना एक निनावी स्टॅटिक फंक्शन तयार करतं, द्यायची तेवढीच माहिती एक्सट्रॅक्टने आत व्हेरिएबल्स म्हणून मोकळी करतं आणि मग फाइल रिक्वायर करतं. त्यात रस्त्याचं आणि माहितीचं नाव दोन अंडरस्कोरने सुरू होतं, म्हणजे टेम्प्लेटमधल्या एखाद्या नावाशी टक्कर होऊ नये. पीएचपीची पॅकेजं आणणारा कंपोझरसुद्धा क्लासच्या फाइली अशाच बंद खोलीत चालवतो, लोडरचं $धिस त्यांच्या हाती लागू नये म्हणून.

पतसंस्थेच्या साइटला आम्ही असलं एक फंक्शन लिहून दिलं आणि कार्ड, मेनू, बातम्यांची पट्टी त्यातून बोलावायला लागलो. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर टिप्पणीत लिहिलं, याला $शीर्षक लागतं, ते अक्षरी असावं, याला $योजना लागते, ती अ‍ॅरे असावी. एडिटर ती टिप्पणी वाचतो आणि चुकीचं नाव लिहिलं तर लगेच खूण करतो. फूटर मात्र अजून जुनाच आहे. तो प्रत्येक पानाकडून निरनिराळी व्हेरिएबल्स उचलतो, काही तर तीन फाइली मागून. त्यांची यादी करायचं काम सध्या त्या मुलीकडे आहे. प्रत्येक पानाच्या शेवटी, फूटर बोलावण्याच्या एक ओळ आधी, गेट डिफाइन्ड व्हार्स छापायचं आणि कुठलं नाव कुठून आलं ते वहीत लिहायचं.