रडारला कोण तपासतं?

टेस्ट फ्लाइट म्हटलं की सगळ्यांना पायलट आठवतो. मला मात्र जमिनीवरून त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅकिंग रडारचं जास्त कौतुक वाटतं. 22 ऑगस्ट 1963 ला जो वॉकर एक्स-15 हे रॉकेट विमान सुमारे 108 किलोमीटर उंच घेऊन गेला. तिथे हवाच जवळजवळ नाही, मग हवेच्या दाबावर चालणारा अल्टिमीटर काय सांगणार? साध्या विमानातही अल्टिमीटर किती चुकतो हे रडारने मोजलेल्या उंचीशी ताडून पाहतात. म्हणजे रडारच चुकलं तर ती चूक थेट पायलटच्या डायलवर!

चाचण्यांमधलं नावाजलेलं रडार म्हणजे एएन/एफपीएस-16. त्याची कोनातली चूक साधारण 0.1 मिलिरेडियन. ऐकायला काहीच नाही, पण 100 किलोमीटरवर तिचे 10 मीटर होतात. म्हणून खरी डोकेदुखी कोनाची. मित्रांनो, नुसती रँडम चूक असेल तर ॲव्हरेज घेऊन ती कमी होते. बायस मात्र हजार रीडिंग घेतली तरी तसाच राहतो. तो शोधूनच काढावा लागतो.

पहिला बायस यंत्राचा. पाया लेव्हलमध्ये नसतो, दोन अक्ष अगदी काटकोनात नसतात. यावर झकास उपाय आहे. अँटेनावर दुर्बीण बसवून ती ताऱ्यांवर रोखायची! कुठला तारा कधी कुठे असेल हे आधीच माहीत असतं. बऱ्याच ताऱ्यांवरचा फरक घेतला की लीस्ट स्क्वेअर्सने प्रत्येक दोष वेगळा काढता येतो.

दुसरा हवेचा. खाली हवा दाट, वर विरळ, त्यामुळे रडारचा किरण वाकतो आणि विमान आहे त्यापेक्षा वर भासतं. म्हणून फुगा सोडून तापमान, दाब, ओलावा मोजतात आणि तेवढी दुरुस्ती करतात. क्षितिजाजवळ जमिनीवरून परावर्तन होऊन आणखी घोळ होतो. तिथली रीडिंग सोडून दुसऱ्या स्टेशनची घेणंच बरं.

तिसरा घोटाळा खुद्द विमानाचा. प्रतिध्वनीचा केंद्रबिंदू कधी नाकाकडे सरकतो, कधी शेपटीकडे. विमानात ट्रान्सपाँडर बसवला की उत्तर एकाच जागेवरून येतं. पण उत्तर द्यायला त्याला लागलेला वेळ वजा करायला हवा. 1 मायक्रोसेकंद धरायचा राहिला तर अंतरात 150 मीटरची चूक!

आता विमानात डिफरन्शियल जीपीएस ठेवून रडारचीच परीक्षा घेता येते. ताऱ्यांनी शोधलेला बायस आणि जीपीएसने दाखवलेला बायस जुळला, तरच त्या रडारवर विश्वास ठेवायचा. पुढच्या लॅबमध्ये रीडिंग छान एकसारखी आली की खूश व्हायच्या आधी झिरो एरर बघा. एवढंच सांगायचं होतं.