खाड्याचा हिशेब

रायगडच्या किनाऱ्यावर वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचणाऱ्यांची एक मोठी जात आहे आणि मी तिच्यातलाच. पुढच्या पानावरची राजकारणी मंडळी कुठे पळून जात नाहीत. आज वाचली नाहीत तरी उद्या तिथेच भेटतात. पण आतल्या पानाच्या तळाशी 'अमुक क्रीडा मंडळाच्या विद्यमाने प्रकाशझोतातील भव्य कबड्डी स्पर्धा' अशी चार ओळींची बातमी आली, की अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या निम्म्या ओटीवर तिची चर्चा होते. अलिबागचे 'कृषीवल' १९३७ साली निघाले ते शेतकऱ्यांच्या चळवळीसाठी; पण खारेपाटातला माणूस शेतीचे भाव आणि कबड्डीचा निकाल एकाच गांभीर्याने वाचतो, हे त्याच्या संपादकांनी फार लवकर ओळखले असावे.

या बातम्यांची एक भाषा आहे. ती नवख्याला कळत नाही. 'कार्यकारिणीची बिनविरोध निवड' असे छापून आले, म्हणजे भांडण आदल्या रात्रीच कुणाच्या तरी अंगणात मिटले. 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली', म्हणजे खुर्च्या जागच्या जागी राहिल्या. 'प्रकृतीच्या कारणास्तव अध्यक्षांनी पदभार सोडला', म्हणजे अध्यक्षांची प्रकृती ठणठणीत आहे. गेली अकरा वर्षे मी आमच्या मंडळाचा चिटणीस आहे, आणि अशा बातम्या मीच लिहून पाठवतो. तेव्हा ही माहिती घरातली समजा.

गावाचे नाव सांगत नाही. रेवदंड्याच्या अलीकडचे म्हणा की पलीकडचे म्हणा. एका अंगाला कोळीवाडा, दुसऱ्या अंगाला आगऱ्यांची आळी, मध्ये खलाटी, आणि खलाटीच्या कडेला आमचे मैदान. मंडळ स्थापन झाले तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. १९८१ साली ते रायगड झाले, पण आमच्या जुन्या रबरी शिक्क्यावर कुलाबाच राहिला, आणि तो शिक्का बदलण्याचा ठराव पास व्हायला तीन वार्षिक सभा लागल्या. मंडळाची मालमत्ता म्हणजे दोन लोखंडी कपाटे, एक रोलर, एक वजनकाटा, दिव्यांच्या माळा, आणि जर्सींची एक ट्रंक. या ट्रंकेचा वास मात्र शब्दांत सांगण्यासारखा नाही.

एवढ्याशा संसाराला कागद किती लागतात पाहा. संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदवायची, पुन्हा १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदवायची. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा. दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे. खेळाडूंची नोंद जिल्हा संघटनेकडे, जिल्हा संघटना राज्य असोसिएशनला जोडलेली, राज्य असोसिएशन महासंघाला. खेळणारे सात, राखीव पाच. त्यांच्यामागे कागदांची अशी चार मजली माडी. आमच्याकडे चढाईला जाणारी मुले मुबलक आहेत, पण ठरावाची भाषा नीट लिहिणारा एकही मिळत नाही. म्हणून तर अकरा वर्षे मला कुणी सोडत नाही.

खेळाचा मोसम पावसाळा संपला की सुरू होतो. भात कापून झाले की मैदानाची माती उकरायची, चाळायची, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, पुन्हा पाणी मारायचे. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. मुलींसाठी बारा बाय आठ. मग पांढऱ्या फक्कीच्या रेघा. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात आणि त्यासाठी बूट लागतात. पण गुडघ्याला माती लागल्याशिवाय कबड्डी खेळल्यासारखी वाटत नाही, असे म्हणणारे लोक अजून आमच्याकडे पुष्कळ आहेत. मी त्यांच्या बाजूचा नाही. मॅटवर सराव नसलेला मुलगा जिल्ह्याच्या निवड चाचणीत घसरतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तर गेल्या मोसमात आमच्या मंडळात जो प्रश्न उभा राहिला, तो मातीचाही नव्हता आणि मॅटचाही नव्हता. तो खाड्याचा होता.

आमचा सर्वांत चांगला चढाईपटू आपल्या मामाच्या होडीवर खलाशी आहे. मामा नाखवा, डोलीची मासेमारी. ज्यांना डोल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: हे जाळे पाण्यात रोवून ठेवतात आणि ओहोटी-भरतीचा ओढ त्यात मासे आणून घालतो. म्हणजे ओढ जितका जोराचा तितका धंदा. पुनवेच्या आणि अवसेच्या आगेमागे उधाण असते, तेव्हा होडीवरचा एकही माणूस घरी बसून चालत नाही. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. तेव्हा जरा उसंत. डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा जाता उरेल त्यात खलाशाचा वाटा. गेला तर वाटा. नाही गेला तर नाही.

आणि स्पर्धा होतात शनिवार-रविवारी. समुद्र शनिवार-रविवार ओळखत नाही, तो तिथी ओळखतो. मोसमात निम्मे तरी शनिवार उधाणात सापडतात. त्या रात्री हा मुलगा आमच्यासाठी दम घुमवत असतो, आणि त्याचा वाटा खाडीत वाहून जातो. खाडा आणि खाडी हे शब्द इतके जवळचे का, याचा विचार मी अशाच एका रात्री गुणलेखकाच्या टेबलाशी बसून केला होता.

दोन मोसम त्याने काही म्हटले नाही. तिसऱ्या मोसमात वडील गेले, धाकट्या बहिणीचे शिक्षण अंगावर आले. शेजारच्या तालुक्यातल्या एका मंडळाने त्याला रोख रक्कम देऊ केली. तो माझ्याकडे आला तो ना-हरकत दाखला मागायला. पायरीवर उभा राहूनच म्हणाला, "भाऊ, मना पैशे नको. माझो खाडो भरून द्या, मी कुठं जात नाय."

मी हा विषय कार्यकारिणीपुढे ठेवला आणि तिथे दोन तट पडले. आमचे अध्यक्ष तात्या, वय पंचाहत्तरच्या पुढे, एकेकाळी चालत दहा-दहा मैल खेळायला जात. ते म्हणाले, "आम्ही घरची भाकरी फडक्यात बांधून जात होतो. खेळाचे पैसे घेतले की खेळ संपला. आज हा खाडा मागेल, उद्या दुसरा पगार मागेल, परवा मंडळाला नाखवा लागेल." खजिनदारांचा मुद्दा वेगळा होता. त्यांचे म्हणणे, देणे गैर नाही, पण कुठल्या खाती टाकायचे? हिशेबतपासनीस विचारतील त्याला उत्तर काय? आणि तरुण मंडळी म्हणाली, बक्षिसाची रक्कम तर वाटतोच ना आपण. मग हरल्या रात्रीचे काय?

वाचकहो, हाच तंटा सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये होऊन गेला आहे. रग्बी हा तिकडचा दांडगा खेळ. तो आमच्यापासून फार दूर नाही. मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरावे आणि थोडे चालावे, की बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर तो पाहायला मिळतो. यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या गिरण्यांत आणि खाणींत राबणारे लोक हा खेळ खेळत. शनिवारी सकाळी त्यांना कामावर जावे लागे. सामन्यासाठी दूर जायचे तर मजुरी बुडे. त्यांच्या क्लबांनी म्हटले, बुडालेली मजुरी तेवढी भरून देऊ द्या. १८९३ साली लंडनच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव आला आणि २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. त्या २८२ मध्ये प्रत्यक्ष न आलेल्यांची मुखत्यारीची मतेही पुष्कळ होती. चिटणीसाचे काम जगभर सारखेच असते म्हणायचे! ज्यांची शनिवारची मजुरी कधी बुडत नव्हती, त्यांनी ठरवले की मजुरी घेणे खेळाला शोभत नाही. दोन वर्षांनी, १८९५ च्या ऑगस्टमध्ये, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे वीसेक क्लब जमले आणि वेगळे झाले. त्यांनी खाड्याचा दर ठरवला: दिवसाला सहा शिलिंग. त्यातून पुढे रग्बीचे दोन खेळच झाले, नियमही निरनिराळे. मूळ युनियनने हौशीपणाची अट सोडली ती १९९५ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी.

ही हकिगत मी सभेत सांगितली. तात्यांनी शांतपणे विचारले, "मग त्यांचे गाव फुटले की नाही?" फुटले, हे मला कबूल करावे लागले.

आमच्याकडे तरी काय निराळे चालले आहे? ज्या महासंघाच्या छत्राखाली आम्ही खेळतो, त्याच्या नावातच १९७२ पासून 'हौशी' हा शब्द आहे. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी गेली आणि सुवर्णपदक घेऊन आली. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावत या एका खेळाडूला दोन कोटी साठ लाख पन्नास हजार रुपये मिळाले. मला त्याचा हेवा नाही. कमावले, चांगले केले. पण माडीच्या गच्चीवर कोटी, तळमजल्यावर मात्र 'भाकरी बांधून ये', हे कोळीवाड्यातल्या पोराला कसे समजवायचे?

गच्चीवरचा कारभार म्हणावा, तर तोही पाहून घ्या. महासंघाचे अध्यक्षपद वर्षानुवर्षे जनार्दनसिंह गेहलोत यांच्याकडे होते; पुढे ते तहहयात अध्यक्ष झाले आणि त्यांच्या पत्नी अध्यक्ष झाल्या. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ही सारी व्यवस्था बेकायदा ठरवली आणि प्रशासक नेमला. त्याच वर्षी जाकार्ताला भारताचे पुरुष उपांत्य सामन्यात आणि महिला अंतिम सामन्यात इराणकडून हरल्या. डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक झाली, पण निवडून आलेल्यांच्या हाती कारभार यायला फेब्रुवारी २०२५ उजाडले, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. मधल्या काळात आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्याला निलंबित केले होते, आणि इराणमधल्या आशियाई स्पर्धेला आपले संघ जाणार की नाही असा प्रसंग आला. मुली गेल्या आणि मार्चमध्ये तेहरानहून अजिंक्यपद घेऊन आल्या. वरच्या मजल्यावरची भांडणे खालची मुले आपल्या दमावर निस्तरतात, ती अशी.

सर्वसाधारण सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. एवढी माणसे मी गणपतीच्या सभेलाही पाहिली नव्हती. तात्या बोलले, तरुण बोलले, आवाज चढले. एक गट आगऱ्यांच्या आळीचा, एक कोळीवाड्याचा, असे बसण्यातच दिसू लागले, आणि माझ्या पोटात गोळा आला. असे एकदा सुरू झाले की एका गावात दोन मंडळे, दोन शिक्के, आणि एकाच मैदानासाठी दोन अर्ज. मी तशी गावे पाहिली आहेत.

तेव्हा मुलींच्या संघातल्या एकीची आई उठली. मच्छी विकून थेट सभेला आलेली, टोपली व्हरांड्याच्या कडेला ठेवलेली. ती म्हणाली, "त्याच्या खाड्याचं बोलता, मग माझ्या पोरीचा टेम्पोचा भाडा मी माझ्या कनवटीचा देते, तो कुठल्या वहीत आहे?" व्हरांडा गप्प झाला. वही माझ्याकडेच होती. त्यात मुलींच्या प्रवासाच्या नावाने एक रकाना होता आणि तो कोरा होता, कारण कुणी कधी बिलच दिले नव्हते. आणि मागितल्याशिवाय द्यायची आपल्याकडे पद्धत नाही.

त्यानंतर चर्चेचा रोखच बदलला. दोन तास लागले. ठराव झाला तो असा: मुलींचा आणि मुलांचा प्रवास आधी मंडळाने करायचा. त्यानंतर शिल्लक राहील त्यातून, ज्याची रोजी सामन्यामुळे बुडाली त्याला 'खाडा-भरपाई' द्यायची. मग तो खलाशी असो, गवंड्याच्या हाताखालचा असो की कंपनीतला कंत्राटी. दर सर्वांना एकच. जिंकल्यावर जास्त नाही, हरल्यावर कमी नाही. नाखव्याने किंवा मुकादमाने चिठ्ठी द्यायची. हात वर करून मते घेतली. ठराव सात मतांनी पास झाला. तात्यांनी विरुद्ध हात वर केला, आणि मग इतिवृत्तावर अध्यक्ष म्हणून स्वच्छ अक्षरात सही केली.

वर्तमानपत्राला मी बातमी पाठवली, 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली'. या खेपेस ते जवळजवळ खरे होते.

मुलगा राहिला. पहिल्या व्हाउचरवर सही करायला आला तेव्हा हात ओले होते, म्हणून पँटला पुसून त्याने पेन घेतले. पैसे मोजले नाहीत, खिशात घातले. जाता जाता वळून म्हणाला, "भाऊ, नागावची मॅच अवकाळी पावसानं रद झाली, त्या रातचा खाडो धरायचा का नाय?"

ठरावात त्याचा उल्लेख नाही. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर पाचवा विषय म्हणून घेतला आहे.